परवडणारी घरं: रहिवाशांच्या हातात नेमकं काय असतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या भागातली घरं आणि भाडी इतकी वाढली की शाळेतल्या शिक्षिका, रुग्णालयातल्या नर्स, दुकानांतली तरुण मुलं सगळी लांब राहायला गेली. तुम्ही वीस-पंचवीस रहिवासी एकत्र आला आहात. हातात पैसा नाही, पद नाही, कुणी बिल्डर ओळखीचा नाही. अशा गटानं परवडणारी घरं यावीत म्हणून काय करायचं? आणि शेवटी जरा बिचकत विचारलंय, की यात आपल्या भागाचं रूप तर बिघडणार नाही ना.

मी बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं बांधकाम परवानग्यांचे कागद तपासत होते. नंतर रहिवाशांच्या समित्या आणि ना-नफा गृहनिर्माण संस्थांसोबत काम करायला लागले. म्हणजे परवानगी देणाऱ्यांच्या बाजूलाही बसले आहे आणि मागणाऱ्यांच्या बाजूलाही. उत्तर लांबलंय, पण तुमचा प्रश्न दोन ओळींत सांगण्यासारखा नाही.

पहिल्यांदा एक समज बाजूला ठेवू. परवडणारं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वस्तातलं बांधकाम येतं. पातळ भिंती, लहान खोल्या, साधं सामान. पण सिमेंट, सळई आणि मजुरीचा भाव तुमच्या गटाच्या हातात नाही, आणि एकाच प्रदेशातल्या दोन गावांत त्यात फार मोठा फरकही नसतो. तरीही एका गावात घर परवडतं आणि शेजारच्या गावात परवडत नाही. फरक पडतो तो जमिनीच्या किमतीत, त्या जमिनीच्या तुकड्यावर किती घरं बसवायला परवानगी आहे त्यात, परवानगी मिळेपर्यंत किती महिने कर्जाचं व्याज भरावं लागतं त्यात. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: आपल्या भागातल्या जमिनीवर किती घरं बांधता येतात, किती दिवसांत, कोणासाठी, आणि ती घरं परवडणारी राहतात किती वर्षं? यातली जवळपास प्रत्येक गोष्ट स्थानिक पातळीवर ठरते. म्हणून तुमच्यासारख्या गटाला काही करता येतं.

परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, हेही सांगायला हवं. बांधकामाचे नियम तुमची स्थानिक संस्था ठरवते की वरचं सरकार, हे आधी शोधा. वरूनच सगळं ठरत असेल तर तुमची बरीच ताकद तिथं पत्रव्यवहारात जाईल. दुसरं, तुमच्याकडे घरं खरोखर कमी आहेत की घरं आहेत पण बंद पडून आहेत? कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरानं २०१७ साली रिकाम्या घरांवर वेगळा कर बसवला तो याच कारणासाठी. पण जिथं रिकामी घरं मूठभरच आहेत तिथं अशा करानं फारसं काही हाती लागत नाही. तिसरं, उत्पन्नच इतकं कमी आहे का, की बांधणाऱ्यानं एक पैसा नफा घेतला नाही तरी भाडं झेपणार नाही? अशा कुटुंबांसाठी सरकारी अनुदान लागतंच. नियम बदलून त्यांचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

आता मुख्य मुद्दा. माझ्या अनुभवात परवडणारी घरं सर्वांत जास्त अडतात ती जनसुनावणीच्या खोलीत.

एक प्रकल्प सांगते. जुन्या गोदामाच्या जागेवर साठेक घरांची चार मजली इमारत होणार होती, त्यातली एक तृतीयांश कमी भाड्याची. सुनावणी दुपारी चार वाजता ठेवलेली. खोलीत चाळीस खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. एकामागून एक माणसं उठत होती: रहदारी वाढेल, सावली पडेल, शाळेवर ताण येईल, इथं अशी इमारत शोभत नाही. कुणीही वाईट मनानं बोलत नव्हतं. त्यांना खरोखर काळजी वाटत होती. सुनावणी संपता संपता गणवेशातली एक बाई धापा टाकत दारात आली. जवळच्या रुग्णालयात आया होती, पाळी संपवून थेट आलेली. तिला त्या घरासाठी अर्ज करायचा होता. बोलणाऱ्यांची यादी तोवर बंद झाली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि सभा संपल्यावर मला एवढंच विचारलं, "अर्ज कुठं द्यायचा?" त्या प्रकल्पाचा एक मजला कापला गेला. कापलेल्या मजल्याबरोबर कमी भाड्याची घरंही गेली, कारण हिशेब बसेना.

हा एखाददुसरा प्रसंग नाही. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ९७ गावा-शहरांच्या सुनावण्यांची इतिवृत्तं तपासली. नव्या घरांबद्दल जे बोलले त्यांतले सुमारे ६३ टक्के विरोधात होते आणि बाजूनं जेमतेम १५ टक्के. बोलणारे बहुतांशी वयानं मोठे, आधीपासून घर असलेले. कारण उघड आहे. ज्याच्या खिडकीसमोर इमारत उभी राहणार तो आज तिथं राहतो. ज्याला त्या इमारतीत घर मिळणार तो अजून तिथला रहिवासीच नाही. त्याला सुनावणीची नोटीससुद्धा जात नाही.

म्हणून कुठलाही गट माझ्याकडे आला की मी पहिलं काम हेच देते: सुनावणीला जा आणि बाजूनं बोला. बोलायला पाच माणसं पुरतात. फक्त ती त्याच भागातली हवीत आणि मुद्द्याचं बोलायला हवीत. निर्णय घेणाऱ्या सदस्यांपैकी काहींना मनातून होकार द्यायचा असतो, पण समोर चाळीस विरोधक आणि बाजूनं कुणीच नाही अशा वेळी ते हात वर करत नाहीत. बाजूनं बोलणारे स्थानिक असतील तर त्यांना आधार मिळतो. सोबत सुनावणीची वेळ संध्याकाळी ठेवण्याची, लेखी म्हणणं स्वीकारण्याची आणि जवळपासच्या कामाच्या ठिकाणी, रुग्णालयात, शाळेत नोटीस लावण्याची लेखी मागणी करा. अशा मागण्यांना खर्च येत नाही, त्यामुळे त्या बऱ्याचदा मान्य होतात. "आम्हाला परवडणारी घरं हवीत" एवढंच बोलून मात्र थांबू नका. आराखडा वाचून या, "या प्रकल्पाला चार मजले द्या, तळमजल्यावर दुकानांऐवजी दोन घरं आणि पाळणाघर करा, मागच्या बाजूची झाडं ठेवा" असं नेमकं मागा. नेमकी मागणी इतिवृत्तात जशीच्या तशी उतरते, आणि पुढं तिच्याबद्दल उत्तर मागता येतं.

सुनावणी हा एकेका प्रकल्पाचा लढा झाला. त्याच्या मागं नियमपुस्तक असतं, आणि खरं काम तिथं आहे. नियम चांगला असेल तर दर प्रकल्पाला लढावं लागत नाही.

नियमांत मी सर्वांत आधी पार्किंग बघते. प्रत्येक घरामागे एक किंवा दोन गाड्यांची जागा सक्तीची असली की तिचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो, मग राहणाऱ्याकडे गाडी असो वा नसो. तळघरात पार्किंग करायचं असेल तर खर्च आणखी चढतो. लहान भूखंडावर तर गाड्यांची जागा सोडता सोडता इमारतच बसत नाही. रहिवाशांच्या एका समितीसोबत आम्ही सलग तीन रात्री अकरानंतर फिरून सहा इमारतींच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या. हातात टॉर्च, वही, आणि प्रत्येक इमारतीच्या पहारेकऱ्याची परवानगी. रात्री अकरा ही वेळ मुद्दाम घेतली, कारण तेव्हा सगळे घरी असतात. बऱ्याच जागा रिकाम्या निघाल्या. त्या वहीची झेरॉक्स आम्ही नियम ठरवणाऱ्यांसमोर ठेवली आणि वर्षभर चाललेला वाद एका बैठकीत मिटला. तुम्ही हे पुढच्याच आठवड्यात करू शकता. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं २०१७ मध्ये पार्किंगची सक्ती शहरभर काढून टाकली, त्यानंतर कितीतरी शहरांनी तसं केलं. सक्ती काढली म्हणजे पार्किंग बंद होत नाही. ज्याला हवं तो बांधतो, आणि ज्याच्या गिऱ्हाइकाला नको असतं त्याच्यावर ते लादलं जात नाही.

दुसरा नियम भूखंडाच्या किमान आकाराचा. मोठ्या भूखंडावर एकच घर, अशी सक्ती असली की जमिनीची सगळी किंमत एकाच कुटुंबाच्या डोक्यावर येते. अमेरिकेतल्याच ह्यूस्टननं १९९८ मध्ये शहराच्या मध्यभागापुरती किमान आकाराची अट ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणली, आणि २०१३ मध्ये ती सवलत शहरभर नेली. एका जुन्या घराच्या जागी तीन-चार अरुंद, उंच घरं उभी राहू लागली. त्यातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ज्या गल्लीतल्या रहिवाशांना हा बदल नको होता त्यांना सह्या गोळा करून आपल्या गल्लीपुरती जुनी अट ठेवण्याची मुभा दिली होती. काही गल्ल्यांनी ती वापरली. पण त्यामुळे सर्वांत कडवा विरोध शहराच्या निर्णयाआड आला नाही आणि बाकीचं शहर मोकळं झालं. तुमच्याकडे मूठभर लोक हटून बसले असतील तर हा मार्ग डोक्यात ठेवा.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं उदाहरण याहून मोठं आहे. २०१६ च्या आराखड्यानं तिथल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागात आधीपेक्षा जास्त घरं बांधायला मुभा दिली. सहा वर्षांत वर्षाला मिळणाऱ्या बांधकाम परवानग्या दुपटीवर गेल्या. त्या काळात व्याजदरही उतरलेले होते, त्यामुळे सगळं श्रेय आराखड्याला देता येणार नाही. तरी वाढ कुठं झाली ते बघण्यासारखं आहे: नियम सैल केलेल्या भागांतच जोडघरं आणि छोट्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. मला यात महत्त्वाची वाटते ती व्याप्ती. एखाद्याच रस्त्यावर जास्त बांधकामाची मुभा दिली की त्या रस्त्यावरच्या जमिनीचा भाव लगेच चढतो आणि फायदा जमीनमालक खाऊन टाकतो. सगळीकडे थोडीथोडी मुभा दिली तर कुठल्याच एका तुकड्याला अडवून भाव मागता येत नाही.

इथवरचं थोडक्यात: बाजूनं बोलणारी माणसं उभी करा, पार्किंग आणि भूखंडाचे नियम सैल करायला लावा, आणि मुभा एका कोपऱ्यात न कोंबता पसरवून मागा. एवढ्यानं घरांची संख्या वाढेल आणि मधल्या उत्पन्नाच्या माणसाला हळूहळू फरक जाणवेल. तुमच्या शिक्षिका, नर्स यांतल्या काहींना तरी याचा उपयोग होईल. पण दुकानातला पोरगा आणि दारात उभी राहिलेली ती बाई यांच्यापर्यंत हे एवढ्यानं पोचत नाही. त्यांच्यासाठी जमीन बाजारातून बाहेर ठेवावी लागते.

याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण इथंच गट सर्वांत जास्त संधी घालवतात. प्रत्येक भागात सार्वजनिक किंवा अर्धसार्वजनिक जमीन असते. बंद पडलेली शाळा, जुना बस आगार, गोदाम, पाण्याच्या टाकीशेजारची मोकळी जागा, धार्मिक संस्थेची पडीक जमीन. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून धार्मिक संस्था आणि ना-नफा महाविद्यालयांना आपल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधणं सोपं केलं, कारण ती जमीन खरंच पडून होती. स्थानिक संस्था पैशाच्या अडचणीत आली की अशी जमीन लिलावात काढते. सर्वांत जास्त बोली लावणारा तिथं सर्वांत महाग घरं बांधतो, त्याला दुसरा पर्याय नसतो. आणि विकलेली जमीन परत घ्यायची म्हटली तर तोवर भाव हाताबाहेर गेलेला असतो.

जमीन विकू नका, भाडेपट्ट्यानं द्या, हा आग्रह धरा. ॲमस्टरडॅम १८९६ पासून असंच करत आलं आहे. झ्युरिकमधल्या कालब्राइटची गोष्ट तर तुमच्यासारख्यांचीच आहे. ट्रामगाड्या उभ्या करण्याची एक जागा होती, वर्षानुवर्षं तशीच पडलेली. २००६ साली आसपासचे रहिवासी एकत्र बसले, आधी संघटना काढली, मग वर्षभरात सहकारी गृहनिर्माण संस्था. शहरानं जमीन विकली नाही, संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली. ट्राम आजही खाली उभ्या राहतात आणि वर २०१४ पासून सुमारे अडीचशे माणसं राहतात. भाडं ठरतं ते खर्चावरून. बाजार काय म्हणतो याचा त्याच्याशी संबंध नाही. २०११ मध्ये झ्युरिकच्या मतदारांनी, शहरातल्या भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश २०५० पर्यंत ना-नफा असावीत, असा कौल दिला. अशी वीसेक माणसांची सुरुवात नसती तर एवढ्या मोठ्या कौलाला काही आधार नसता, असं मला वाटतं.

घर मालकीचंच हवं असेल तर त्यालाही वाट आहे. तिला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात, आपण भूमी न्यास म्हणू: जमीन न्यासाकडे राहते, घर कुटुंबाचं होतं. कल्पना पहिल्यांदा उभी राहिली ती १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी. शहरात ती रुजली अमेरिकेतल्याच व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये, १९८४ साली, नगरपालिकेनं दिलेल्या २ लाख डॉलरच्या बीजभांडवलावर. तिथला न्यास आज भाड्याची आणि मालकीची मिळून काही हजार घरं सांभाळतो.

हिशेब समजून घ्या, म्हणजे पुढच्या बैठकीत तुम्ही तो फळ्यावर मांडू शकाल. घराची किंमत १०० धरा. त्यातला जमिनीचा आणि अनुदानाचा मिळून ३० चा भाग न्यासाकडे राहतो, कुटुंब ७० भरून घर घेतं. दहा वर्षांनी त्या घराची बाजारातली किंमत १५० झाली. आता कुटुंब घर सोडतंय. बर्लिंग्टनमधल्या सूत्राप्रमाणे वाढलेल्या मोलाचा २५ टक्के भाग विकणाऱ्याला मिळतो. सोपं करून सांगायचं तर वाढलेल्या ५० पैकी साडेबारा. शिवाय त्यानं घरकर्जातलं फेडलेलं मुद्दल आहेच. म्हणजे तो रिकाम्या हातानं जात नाही, आणि पुढचं कुटुंब साडेब्याऐंशीच्या आसपास भरून १५० चं घर घेतं. पहिल्याला ७० लागले, दुसऱ्याला साडेब्याऐंशी, बाजारात मात्र १५०. अनुदान एकदाच दिलं, पण त्याचा उपयोग घर सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागून येणाऱ्या पुढच्या कुटुंबाला होत राहतो. विकणाऱ्याचा वाटा किती असावा हे तुमचा न्यास ठरवेल. फार कमी ठेवला तर लोक घराची डागडुजी करत नाहीत, फार जास्त ठेवला तर दोन-तीन विक्रींत घर पुन्हा बाजारभावाला भिडतं.

मुदतीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, १९७४ पासून मोठ्या प्रकल्पांमध्ये काही घरं कमी किमतीत देण्याची सक्ती केली आणि बदल्यात विकासकाला जास्त बांधकाम करू दिलं. चांगली, पुढं जगभर उचलली गेलेली योजना. पण सुरुवातीला किमतीवरचं बंधन फक्त ५ वर्षांचं होतं. पाच वर्षं संपली की घर बाजारात. नंतर ते १० वर्षं झालं, पुढं विक्रीच्या घरांना ३० आणि भाड्याच्या घरांना ९९. मधल्या काळात हजारो घरं हातातून निसटली. तुमच्याकडे एखादा विकासक "वीस टक्के घरं परवडणारी" असं सांगत आला तर टक्क्यांवर खूश होऊन परतू नका. किती वर्षांसाठी, कोणाच्या उत्पन्नाच्या मानानं परवडणारी, आणि लक्ष कोण ठेवणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं करारात उतरवून घ्या. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. टक्का इतका चढवला की प्रकल्पच होत नाही, तर शून्यातले चाळीस टक्के शून्यच.

भाडेनियंत्रणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या बैठकीत कुणीतरी काढेलच. राहत्या भाडेकरूला अचानक दुप्पट भाड्यापासून वाचवायला मर्यादा असावी, या मताची मी आहे. पण ती नव्या बांधकामाला लावू नये. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरानं २०२१ मध्ये मतदानानं वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा घातली, तीही नव्या इमारतींसकट. बांधकाम परवानगीचे अर्ज झटक्यात घटले आणि दुसऱ्याच वर्षी शहराला नव्या इमारतींसाठी २० वर्षांची सूट द्यावी लागली.

अगदी कमी उत्पन्नाची वस्ती तुमच्या भागात असेल तर आणखी एक गोष्ट. तिथल्या लोकांना हलवून घरं देऊ नका, तिथंच घरं द्या. थायलंडच्या बान मंकोंग योजनेत २००३ पासून वस्तीनं आधी बचतगट उभा करायचा, स्वतःचा नकाशा स्वतः काढायचा, जमीनमालकाशी खरेदी किंवा भाडेपट्ट्याची बोलणी करायची, आणि कर्ज सगळ्या वस्तीच्या नावानं घ्यायचं, अशी रीत आहे. उरुग्वेमध्ये १९६८ च्या कायद्यानंतर सहकारी संस्थांनी हजारो घरं बांधली. तिथं बांधकाम चालू असताना प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास श्रम देतं आणि मालकी संस्थेकडे राहते. चिलीतल्या इकीके शहरात किंता मोनरॉय वस्तीतल्या सुमारे शंभर कुटुंबांपुढं प्रश्न होता की मिळणाऱ्या तुटपुंज्या अनुदानात शहराबाहेर पूर्ण घर बांधायचं की आहे त्या जागी अर्धं. आर्किटेक्ट आलेहांद्रो अरावेना यांच्या गटानं त्यांच्यासोबत बसून अर्धं घर निवडलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, भक्कम भिंती, आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा. उरलेलं कुटुंबांनी सवडीनं बांधलं. शहराबाहेर फेकलेल्या कुटुंबाचा रोजगार तुटतो, आणि तेवढं भाडं कमी करूनही ते नुकसान भरून निघत नाही. हे मी स्वतः पाहिलंय, एका पुनर्वसनाच्या जागेत वर्षभरातच अर्ध्या घरांना कुलपं लागली होती, कारण कामावर जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. अशा वस्तीशेजारी नवी महाग इमारत येत असेल तर आधी वस्तीची जमीन सुरक्षित करा, मग बाकीचं. पोर्तो रिकोतल्या कान्यो मार्तिन पेन्या खाडीकाठच्या वस्त्यांनी २००४ मध्ये खाडी साफ होण्याआधीच भूमी न्यास मागितला तो याच धास्तीनं, की पाणी स्वच्छ झालं की आपल्याला कुणी इथं राहू देणार नाही.

आता रूप बिघडण्याचा प्रश्न. रूप बदलेल. बदलणार नाही असं सांगून लोकांचा होकार मिळवू नका, कारण पहिला मजला वर चढताच विश्वास जातो. पण कसं बदलेल यावर तुमचा हात राहू शकतो. मी सुनावणीआधी पुठ्ठ्याचं साधं प्रतिरूप घेऊन जाते, गल्लीतल्या सगळ्या घरांसकट, आणि टेबललँपनं सूर्य दाखवते: हिवाळ्यातली सकाळ नऊची, दुपार, संध्याकाळ. एकदा एक आजोबा अर्धा तास लँप इकडेतिकडे फिरवत बसले. त्यांच्या अंगणात सकाळी सावली येत होती, तीही दोन महिने. ते म्हणाले, "वरचा मजला चार फूट मागं घ्या, मग माझी हरकत नाही." घेतला. एकही घर कमी झालं नाही. विरोध करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची भीती अशी नेमकी असते, आणि ती बसून ऐकली तर तिच्यावर नेमका उपाय निघतो. जी भीती "तसली माणसं येतील" अशी असते तिच्यावर पुठ्ठा चालत नाही. तिथं तुमच्या नर्सला, शिक्षिकेला स्वतः बोलू द्या. लोक त्यांना नावानं ओळखतात.

वेळ किती लागेल? कालब्राइटला आठ वर्षं लागली. पार्किंगचा नियम वर्षभरात बदलू शकतो. म्हणून दोन्ही कामं एकदम चालू करा, म्हणजे पहिल्या वर्षी काहीतरी हाती लागलेलं दिसेल आणि गट टिकेल. माझ्या पाहण्यात गट फुटतात ते विरोधामुळे कमी आणि दोन वर्षं नुसत्या बैठका झाल्यामुळे जास्त.

पुढच्या महिन्याभरात तीन गोष्टी करा. स्थानिक संस्थेकडे असलेल्या जमिनींची यादी लेखी मागा, आणि मिळाली की प्रत्येक जागेवर चालत जाऊन फोटो काढा. कागदावर "वापरात" लिहिलेल्या किती जागांवर गवत उगवलंय ते तेव्हाच कळतं. रात्रीची पार्किंग मोजणी करा. आणि लांब राहायला गेलेल्या दहा जणांकडून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या की कामावर यायला किती वेळ लागतो, भाडं पगाराचा केवढा भाग खातं, परत यायला मिळालं तर किती झेपेल. हा शेवटचा आकडाच तुमच्या सगळ्या मागण्यांचा पाया असेल. तो हातात आला की पुन्हा लिहा, आपण त्यावरून कुठली जमीन आणि कुठला नियम आधी धरायचा ते बघू.